आधी घर वाचलं, मग माणूस

एडिसनचं पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झालं आणि न्यूयॉर्कच्या एका छोट्या भागात विजेचे दिवे लागले. तारा डोक्यावरून न नेता जमिनीखालून नेल्या होत्या, त्याचा एडिसनला अभिमान होता. मग एके दुपारी एक पोलिस धावत केंद्रात आला. ॲन आणि नॅसॉ या रस्त्यांच्या नाक्यावर भलतंच काहीतरी चाललंय, ताबडतोब माणूस पाठवा, म्हणाला. एडिसन स्वतःच गेला. पाहतो तर नाक्यावर मुंगीला शिरायला जागा नाही एवढी गर्दी. जमिनीखालच्या एका जंक्शन बॉक्समधून वीज बाहेर पडत होती. आसपासच्या इमारतींची तळघरं थेट रस्त्याखाली आलेली असल्यामुळे वरचा ओल्या मातीचा पातळ थर खालच्या जमिनीपासून तुटला होता आणि वीज त्या थरात पसरली होती.

तेवढ्यात एक भंगारवाला आपलं मरतुकडं घोडं घेऊन आला. पोरांनी त्याला सांगितलं, त्या बाजूने जा. म्हणजे नेमकं जिथे वीज गळत होती तिकडेच. घोड्याचा पाय त्या मातीला लागला मात्र, ते दोन पायांवर ताठ उभं राहिलं. गर्दी ओरडली, पोलिस ओरडला, घोडं उधळलं. शेवटी पोलिसांनी गर्दी पांगवली, एडिसनच्या माणसांनी तेवढ्या भागाची वीज तोडून बॉक्स दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ एडिसनकडे आला. घोड्यांच्या बाजारात असंच यंत्र बसवून द्या, म्हणाला. थकलेली तट्टं अस्सल जातिवंतासारखी नाचतील, मी मालामाल होईन!

हा किस्सा एडिसनने पुढे हसत हसत सांगितला आहे. घोड्याच्या जागी अनवाणी पोर असतं तर तो कोणी हसून सांगितला नसता. तांत्रिकदृष्ट्या तिथे जे झालं ते सरळ होतं. केंद्रातून निघालेली वीज दुसऱ्या तारेने परत यायला हवी, ती वाटेतच जमिनीत गळत होती. केंद्रातल्या एकाही उपकरणाला त्याचा पत्ता लागला नाही. खबर दिली ती पोलिसाने. अशी गळती आपणहून ओळखून, माणूस मरायच्या आत वीज तोडणारं साधन घरात बसायला त्यानंतर तब्बल पंचाहत्तर वर्षं लागली. मधल्या काळात सुरक्षा साधनं निघाली नाहीत असं नाही. पुष्कळ निघाली, आणि चांगलीही निघाली. पण ती वाचवत होती भिंती, लाकडी जिने आणि तारा.

त्या काळाची भीती आगीची होती, हे ध्यानात घेतलं की यातलं नवल ओसरतं. गॅसच्या उघड्या ज्योतींनी नाटकगृहं जळायची. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात २८ डिसेंबर १८८१ रोजी मालक रिचर्ड डॉइली कार्ट स्वतः रंगमंचावर आला, त्याने पेटता विजेचा दिवा मलमलीत गुंडाळला आणि सगळ्यांसमोर फोडला. दिवा विझला, कापड जळलं नाही. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. शॉकचं काय, असा प्रश्न त्या प्रयोगात नव्हताच.

आगीची भीती निराधारही नव्हती. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर विल्यम व्हँडरबिल्ट या रेल्वेसम्राटाच्या नव्या वाड्यात एडिसनच्या माणसांनी वायरिंग केलं होतं. चित्रदालनाच्या भिंतींवर जरीच्या बारीक धातुतारा विणलेलं रेशीम लावलेलं होतं. दिवे लागले, दोन तारांचा त्या जरीशी संबंध आला, जर लालबुंद झाली आणि भिंत धुमसू लागली. वीज लगेच तोडली म्हणून भडका उडाला नाही. श्रीमती व्हँडरबिल्ट यांनी वीज कुठून येते ते विचारलं, तेव्हा तळघरात बॉयलर बसवलाय हे त्यांना कळलं. बॉयलरच्या डोक्यावर मी राहणार नाही, असं त्यांनी बजावलं आणि सगळी यंत्रणा उचकटून न्यावी लागली. बँकर जे. पी. मॉर्गन यांच्या मॅडिसन ॲव्हेन्यूवरच्या घरात अभ्यासिकेतलं टेबल वायरिंगच्या दोषाने जळालं. मॉर्गन खमके, त्यांनी वीज काढली नाही, वायरिंग नव्याने करून घेतलं. एडिसनच्या धंद्यात त्यांचा पैसा गुंतलेला होता, ही बाबही विसरता येत नाही.

यावरचा उपाय एडिसनच्या हातात आधीच होता. मूळ कल्पना त्याहून जुनी. फ्रेंच घड्याळजी लुई ब्रेगे याने १८४७ मध्ये तारायंत्राच्या केंद्रात शिरणाऱ्या तारेचा एक तुकडा मुद्दाम बारीक ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे आकाशातली वीज कोसळली तर तो तुकडा वितळेल आणि आतली यंत्रं वाचतील. एडिसनने हीच युक्ती दिव्यांच्या जाळ्यात आणली आणि १८८० मध्ये तिचं पेटंट घेतलं. प्रमाणाबाहेर वीज गेली की तारेचा एक छोटा, दुबळा भाग आधी वितळतो. हा आपला फ्यूज. पुढच्या शंभर वर्षांत जगातल्या जवळजवळ प्रत्येक वीज असलेल्या घरात तो पोहोचला.

१८८२ च्या जूनमध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ टेलिग्राफ इंजिनिअर्स या संस्थेने वायरिंगची आपली पहिली नियमावली काढली. आज ब्रिटनमध्ये पाळले जाणारे वायरिंगचे नियम तिचेच वंशज. तिचं शीर्षकच सांगतं की तिचा रोख कशावर होता: विजेच्या दिव्यांमुळे उद्भवणाऱ्या आगीच्या धोक्याच्या प्रतिबंधासाठी नियम. विमा कंपन्यांचं लक्षही तिथेच होतं. शिकागोच्या १८९३ च्या विश्वप्रदर्शनात लाखभर दिवे लागायचे होते. तिथलं वायरिंग तपासायला विल्यम मेरिल हा तरुण अभियंता आला आणि पुढच्याच वर्षी विमा कंपन्यांच्या पैशावर त्याने तपासणीची प्रयोगशाळा काढली. अमेरिकी उपकरणांवर दिसणारी यूएलची मोहोर ती याच प्रयोगशाळेची. पैसा विमेकऱ्यांचा म्हटल्यावर विचार आधी मालमत्तेचा व्हायचाच. यात त्यांना दोष देण्यासारखं काही नाही. जळालेल्या गोदामाचं बिल त्यांच्या टेबलावर यायचं.

मुंबईनेही पर्ल स्ट्रीटच्याच वर्षी विजेची चव घेतली. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केट आणि काही रस्त्यांवर विजेचे दिवे लावले. वर्षभरात कंपनी बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसवर आलं. शहराला खऱ्या अर्थाने वीज मिळाली ती ‘बेस्ट’ची पूर्वज असलेली कंपनी १९०५ मध्ये आल्यावर. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. घरांमध्ये जिन्याखाली लाकडी बोर्ड आले, त्यावर लोखंडी मेन स्विच आणि चिनीमातीचे पांढरे किटकॅट फ्यूज. ते काढायचे, दोन स्क्रूंमध्ये नवी तार अडकवायची, पुन्हा बसवायचे. फ्यूज उडाला की घरातला एखादा काका मेणबत्ती घेऊन बोर्डाशी जायचा. योग्य जाडीची तार हाताशी नसली की जुन्या वायरीतले दोन-चार पदर सोलून पिळून घातले जायचे. दिवे लागायचे आणि सगळे खूश. पण त्या क्षणापासून तो फ्यूज राहायचा नाही. पाच अँपिअरला उडायला हवी असलेली तार पंचवीसलाही टिकली, तर मग भिंतीतली वायर आधी तापते आणि उडते तीच.

फ्यूजमधली ही माणसाच्या हाताची ढवळाढवळ बंद केली ती मानहाइमच्या ह्यूगो स्टॉट्झने. १९२४ मध्ये त्याच्या कंपनीने आपोआप तुटणाऱ्या आणि बोटाने पुन्हा चालू करता येणाऱ्या छोट्या स्विचचं पेटंट घेतलं. फ्यूजच्या जागी तो सरळ स्क्रूसारखा फिरवून बसवता यायचा. आत दोन रक्षक होते. पहिला, दोन वेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी. भार थोडासाच जास्त असेल तर ती हळूहळू तापते, दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत म्हणून वाकते आणि खटका पाडते. गिझर आणि इस्त्री एकाच वेळी लावली की काही मिनिटांनी होतं ते हे. दुसरा, विद्युतचुंबक. शॉर्टसर्किट झालं की वीज एकदम शेकडो अँपिअरवर जाते. तिथे पट्टी वाकायची वाट पाहून चालत नाही, चुंबक क्षणार्धात खटका ओढतो. आजच्या एमसीबीत हीच जोडी आहे. स्टॉट्झच्या स्विचमध्ये जाड तार घालायची सोय नव्हती, हा त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणायचा.

तरीही तो रक्षण करत होता तारेचंच.

एक साधा हिशोब मांडला की हे कळतं. ओल्या हातापासून पायापर्यंत माणसाच्या शरीराचा रोध साधारण हजार ते दोन हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्यातून ११५ ते २३० मिलिअँपिअर वीज जाते. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब यापेक्षा जास्त, सुमारे २६० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे न्हाणीघरात माणूस तारेला चिकटून मरत असेल, तर फ्यूजच्या किंवा एमसीबीच्या लेखी घरात एक छोटा बल्ब जास्तीचा लागला, एवढंच. पाच हजार मिलिअँपिअरपर्यंत निवांत बसून राहायचं, हेच त्याला शिकवलेलं.

या फटीवर पहिला तोडगा निघाला तो आर्थिंगचा. इस्त्रीच्या किंवा गिझरच्या धातूच्या अंगाला एक वेगळी तार जोडायची आणि ती जमिनीत गाडलेल्या पट्टीशी न्यायची. आतली फेज सुटून अंगाला लागली, तर जमिनीकडे मोठा लोंढा जातो आणि त्या लोंढ्याने फ्यूज उडतो. ब्रिटनमध्ये तीन पिनांच्या प्लगला १९३४ मध्ये प्रमाण ठरवून दिलं गेलं, आणि भारतातल्या घरांत आजही दिसणाऱ्या गोल पिना त्याच घराण्यातल्या. वरची पिन लांब असते ती उगीच नव्हे. आर्थिंग सर्वांत आधी जोडलं जावं आणि सर्वांत शेवटी सुटावं, म्हणून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युद्धोत्तर घरांचं वायरिंग कसं असावं हे ठरवायला ब्रिटनमध्ये समिती बसली. तिच्यात कॅरोलिन हॅस्लेट ही एकटी स्त्री होती. १९४४ मध्ये आलेल्या अहवालाने लहान मुलांचा विचार करून सॉकेटच्या भोकांना आतून झडपा असाव्यात असा आग्रह धरला आणि १९४७ मध्ये चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग त्या झडपांसह आला. नियमांच्या कागदांत घरात राहणारा माणूस, आणि तोही रांगणारा, आता कुठे डोकावू लागला होता.

आर्थिंगचं दुखणं मात्र जमिनीतच होतं. मीठ आणि कोळसा घालून खड्डा केला, पट्टी पुरली, वर्षं लोटली, पट्टी गंजली. दख्खनच्या काळ्या कातळावर उभं घर असेल तर उन्हाळ्यात माती कोरडीठाक पडते. आर्थिंगचा रोध वीस ओहम झाला असं समजू. २३० व्होल्टला त्यातून साडेअकरा अँपिअर जातील. गिझरचा पंधरा अँपिअरचा फ्यूज उडणार नाही आणि गिझरचं अंग जवळजवळ पूर्ण दाबाने जिवंत राहील. घरातल्या सगळ्यांना वाटेल, आर्थिंग आहे की.

म्हणजे प्रश्न उलटा करून विचारायला हवा होता. तारेला किती सोसतं हे माहीत होतं. माणसाला किती सोसतं?

लोक मरत होते. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी जॉन फीक्स नावाचा लाइनमन मॅनहॅटनमध्ये भर दुपारी हजारोंच्या डोळ्यांदेखत खांबावरच्या तारांमध्ये अडकून मेला आणि शहर हादरलं. पण विजेने नेमकं मारलं कसं, यावर डॉक्टरांचं एकमत नव्हतं. १८९९ मध्ये जिनिव्हाच्या प्रेव्हो आणि बातेली या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की विजेने हृदयाचे ठोके बेताल होतात, स्नायू नुसते थरथरतात, रक्त पुढे ढकललं जात नाही. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली: तीच वीज जोरात दिली तर ही थरथर थांबतेही. आजच्या डिफिब्रिलेटरचं मूळ तिथे आहे. व्हिएन्नात श्टेफान येलिनेक हा डॉक्टर विजेच्या अपघातांच्या वस्तू जमवत होता. जळालेले बूट, वितळलेल्या किल्ल्या, मेलेल्यांचे अवयव. त्याने त्यांचं चक्क संग्रहालय केलं.

आकडे आणले ते चार्ल्स डॅल्झीलने. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचा हा प्राध्यापक १९४० च्या दशकात माणसांना शॉक देत होता. डॉक्टर हजर असत, माणसं स्वखुशीने येत. ओल्या मुठीत तांब्याची तार धरायची आणि वीज हळूहळू वाढवत न्यायची. एका टप्प्यावर हाताचे स्नायू आखडतात आणि तार सोडावी म्हटलं तरी मूठ उघडत नाही. तो टप्पा लिहून घ्यायचा. १३४ पुरुष आणि २८ स्त्रियांवर त्याने ही मोजणी केली. पुरुषांची सरासरी निघाली १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. सरासरीवर सुरक्षितता बेतता येत नाही, कारण अर्धी माणसं तिच्या खालीच असतात. म्हणून जवळजवळ प्रत्येकाला तार सोडता येईल अशी मर्यादा त्याने काढली: पुरुषांना ९ आणि स्त्रियांना ६ मिलिअँपिअर. अमेरिकी घरांतली सुरक्षा साधनं आज ४ ते ६ मिलिअँपिअरच्या मध्ये तुटतात, ती ह्याच आकड्यावर बेतलेली. आजच्या नीतिनियमांच्या समितीपुढे असा प्रस्ताव गेला तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी.

डॅल्झीलने पुढे वेळेचाही हिशोब मांडला. वीज किती आणि किती वेळ, या दोन्हींवर हृदयाचं भवितव्य ठरतं. हृदयाच्या एका ठोक्याला पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. त्याहून बऱ्याच आधी वीज तुटली तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. आता यंत्र बनवणाऱ्याला लक्ष्य मिळालं होतं: काही मिलिअँपिअर, सेकंदाच्या छोट्या अंशात.

तत्त्व नवीन नव्हतं. १९२८ मध्येच जर्मनीत त्याचं पेटंट घेतलेलं होतं. वीज गळते की नाही हे ओळखायला गळतीच्या जागी जायची गरज नाही. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच लोखंडी कड्यातून न्यायच्या. दुकानदार संध्याकाळी गल्ला मिळवतो तसंच; गेलेलं आणि आलेलं सारखं असेल तर दोन्ही तारांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडून काढतात आणि कडं गप्प राहतं. थोडी जरी वीज माणसाच्या अंगातून जमिनीत गेली तरी परतीच्या तारेत तेवढी तूट येते, कड्यात चुंबकत्व जागं होतं आणि त्याभोवती गुंडाळलेल्या बारीक वेटोळ्यात क्षीण वीज उमटते. अडचण हीच होती. ती वीज इतकी क्षीण की तिने खटका ओढायचा कसा? १९५० च्या दशकापर्यंत अशा यंत्रणा दहा अँपिअरच्या आसपासच्या गळतीवर चालत. म्हणजे कारखान्याच्या केबलला उपयोगी, माणसाला नाही.

हे कोडं सुटलं ते दक्षिण आफ्रिकेत, सोन्याच्या खाणींच्या निमित्ताने. खोल, दमट, पाण्याने भरलेल्या बोगद्यांत ५२५ व्होल्टच्या केबली पसरलेल्या असायच्या. जोहान्सबर्गजवळच्या अल्बर्टनमध्ये सी. जे. फुक्स या कंपनीत ऑन्री रुबिन नावाचा अभियंता होता. १९५५ मध्ये त्याने २५० मिलिअँपिअरला तुटणारी यंत्रणा बनवली आणि ती खाणींत चांगली चालली. दहा अँपिअरवरून पाव अँपिअरवर येणं ही मोठीच उडी होती. रुबिनचं समाधान मात्र झालं नाही. ट्रान्झिस्टर वापरून पाहावा असं त्याच्या मनात होतं, पण त्या काळचे ट्रान्झिस्टर भरवशाचे नव्हते आणि जीव वाचवायचं यंत्र भरवशाचं नसेल तर ते नसलेलं बरं. म्हणून त्याने चुंबकीय प्रवर्धकाचा आडमार्ग घेतला. १९५६ च्या सुरुवातीला त्याच्या टेबलावर २२० व्होल्ट आणि ६० अँपिअरचा एक नमुना तयार होता, साडेबारा ते साडेसतरा मिलिअँपिअरला तुटणारा. वीज किती आणि किती वेळ याची जी सीमा डॅल्झीलने हृदयासाठी आखली होती, तिच्या आत तो आरामात बसत होता.

यंत्र खाणीसाठी सुरू झालं, पण घरात शिरलं ते एका मृत्यूमुळे. स्टिलफाँटेन या खाणवस्तीत एक बाई घरातच विजेच्या धक्क्याने गेली. त्यानंतर १९५७ आणि १९५८ मध्ये वस्तीतल्या काही शे घरांत २० मिलिअँपिअरची ही उपकरणं बसवली गेली. आपल्या घरातल्या आरसीसीबीची, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचची, वंशावळ मागे नेली तर ती या खाणकामगारांच्या घरांपाशी जाते. १९७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेने घरांत असं संरक्षण कायद्याने सक्तीचं केलं.

त्याच सुमारास, १९५७ मध्ये, ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगलमायर हा भौतिकशास्त्रज्ञ वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचला. त्याची वाट जास्त धाडसाची, खरं तर आगाऊपणाची. मोजायचं शरीर म्हणून त्याने स्वतःचंच शरीर घेतलं. पुढे अनेक वर्षं तो स्वतःच्या अंगातून वीज सोडून शरीराचा रोध मोजत राहिला. विजेचा माणसावर काय परिणाम होतो याचं जे आंतरराष्ट्रीय मानक आज अभियंते उघडून बसतात, त्यात या माणसाच्या स्वतःच्या कातडीवरची निरीक्षणं आहेत. युरोपाने आणि भारताने स्वीकारलेला आकडा ३० मिलिअँपिअर. अमेरिकेपेक्षा तो मोठा असण्यामागे एक तडजोड आहे. पाचला तुटणारं साधन संपूर्ण घराच्या तोंडाशी बसवलं, तर जुन्या फ्रिजची आणि पावसाळी भिंतींची किरकोळ गळतीही त्याला पाडते, आणि सारखं पडणारं साधन लोक काढून टाकतात. अमेरिकी साधन एकेका सॉकेटपुरतं काम करतं, म्हणून त्याला नाजूक असणं परवडतं.

डॅल्झीलनेही १९६१ मध्ये ट्रान्झिस्टर वापरून आपलं यंत्र बनवलं, तोवर ट्रान्झिस्टर सुधारले होते. अमेरिकी नियमांत ते शिरलं तेही गमतीदार क्रमाने: १९६८ मध्ये पोहण्याच्या तलावातले दिवे, १९७१ मध्ये तलावाजवळचे सॉकेट, १९७३ मध्ये अंगणातले, १९७५ मध्ये न्हाणीघरातले. स्वयंपाकघराची पाळी १९८७ मध्ये आली. श्रीमंतांचा तलाव आधी आणि ओट्याजवळचा मिक्सर एकोणीस वर्षांनी.

भारतात १९५६ च्या विद्युत नियमांत भूगळती संरक्षणाचं कलम पुढे घातलं गेलं, पण लहान घरगुती जोडण्या त्यातून वगळलेल्या होत्या. ज्या घरांत आर्थिंग सर्वांत कच्चं, तीच घरं सुटली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आजच्या विनियमांत घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत देशात विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांची संख्या दहा हजारांच्या वरच असते. त्यात शेतातले पंप आणि तुटलेल्या लाइनी आहेत, तशीच न्हाणीघरंही.

आरसीसीबीच्या मर्यादाही आहेत. फेज आणि न्यूट्रल दोन्ही हातात धरून कोणी लाकडी स्टुलावर उभा असेल, तर जमिनीत काहीच जात नाही. कड्याच्या दृष्टीने तो माणूस म्हणजे एक इस्त्री. जास्त भाराने वायर तापली तरी त्याला कळत नाही, त्यासाठी एमसीबी वेगळा लागतो किंवा दोन्ही एकत्र असलेला आरसीबीओ. आणि महाराष्ट्रातल्या गावोगावच्या टीव्ही-फ्रिजचा जो शत्रू, तो या दोघांनाही दिसत नाही. डीपीपासून येणारा न्यूट्रल वाटेत तुटला, की तीन फेजवरची घरं एकमेकांशी एकसरीत जोडली जातात. ज्या घरात भार कमी, तिथे २३० च्या ऐवजी दाब चारशेच्या दिशेने चढतो. दिवे लख्ख होतात आणि मग एकेक उपकरण जळतं. गळती नाही, म्हणून आरसीसीबी गप्प; प्रवाह फार वाढलेला नाही, म्हणून एमसीबीही गप्प. तिथे दाब मोजून वीज तोडणारं वेगळं साधन हवं. फ्रिजजवळचा स्टॅबिलायझर ज्या कमी दाबासाठी घेतला जायचा, त्याच्या अगदी उलट टोकाचं हे संकट.

जुन्या घरांत आरसीसीबी बसवताना वायरमनच्या वाट्याला एक ठरलेलं भांडण येतं. सकाळी यंत्र बसवलं, संध्याकाळी फोन: सारखं पडतंय, काढून टाका. बहुतेकदा यंत्र बरोबर असतं आणि वायरिंग चुकलेलं. पन्नास वर्षांत कोणी जिन्यावरच्या दिव्याचा न्यूट्रल शेजारच्या सर्किटमधून घेतलेला असतो, कोणी इन्व्हर्टर बसवताना दोन्हीकडचे न्यूट्रल एकत्र पिळलेले असतात. फेज कड्यातून जाते आणि न्यूट्रल दुसऱ्याच वाटेने परततो. कड्याला तूट दिसते आणि ते पडतं. यावर दोन उपाय. एक, बोर्ड उघडून प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल वेगळा काढायचा, त्याच्या फेजशी जोडी लावायची आणि टी अक्षराचं बटण दाबून यंत्र पडतं की नाही ते पाहायचं. त्याला एक पूर्ण दिवस लागतो आणि त्या दिवसाचे पैसे. दुसरा उपाय पाच मिनिटांचा: दोन वायरी यंत्राला वळसा घालून थेट जोडायच्या आणि यंत्र शोभेला तिथेच ठेवायचं. बोर्डाचं झाकण लावलं की दोन्हींत फरक दिसत नाही. तो फक्त टीचं बटण दाबल्यावर कळतो: पहिल्या घरात खटका पडून सगळे दिवे जातात, दुसऱ्या घरात ते जळतच राहतात.